खातेक्रमांक आणि त्याची निर्देशसूची

गाव नमुना सात हा गटवार, तर आठ-अ हा खातेदारवार लिहिला जातो. एकाच खातेदाराची जमीन तीन-चार गटांत विखुरलेली असते; ती एकत्र पाहावयाची झाल्यास खातेक्रमांकाचा धागा धरावा लागतो. हस्तलिखित दप्तरात हे काम तलाठी नजरेने करीत असे. संगणकास त्यासाठी निर्देशसूची लागते.

अशा रचनेत खात्यांचा तक्ता हा मूळ तक्ता आणि गटागटांतील धारणक्षेत्राचा तक्ता हा पोटतक्ता होय. (परस्परसंबद्ध तक्त्यांची ही कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली.) मूळ तक्त्यात खाते एकदाच यावे, पोटतक्त्यात त्याचा क्रमांक अनेकदा येणारच. सबब पुनरुक्तीस मज्जाव पहिल्या सूचीत हवा, दुसरीत नको.

नुसता खातेक्रमांक मात्र पुरत नाही, कारण ५७ क्रमांकाचे खाते अनेक गावांत असते. गावाचा संकेतांक व खातेक्रमांक अशी जोडखूण दोन्हीकडे, त्याच क्रमाने, असावी. पोटतक्त्याची सूची गटक्रमांकाने सुरू होत असेल, तर ती येथे कुचकामी ठरते. आडनावांनुसार लावलेल्या यादीत केवळ नावावरून माणूस शोधण्यासारखेच ते. सारी पाने चाळावी लागतात.

याहून घातक चूक म्हणजे खुणेचे स्वरूप निराळे असणे. एकीकडे क्रमांक अंकरूपाने व दुसरीकडे अक्षररूपाने साठविला, तर जुळणी मंदावते किंवा मुळीच होत नाही. अक्षररूपात ५७ आणि ०५७ भिन्न ठरतात. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही भिन्नच. समजा, एका खात्यात ०.८०, ०.४५ व ०.६० हेक्टरचे तीन गट आहेत. तिसऱ्याची खूण न जुळल्यास आठ-अ वर १.८५ ऐवजी १.२५ हेक्टर दिसेल. पीककर्जाच्या वेळी वा वारसनोंदीत त्याची झळ शेतकऱ्यास बसते आणि सातबारा तर बिनचूक असतो!

सूचीने शोध जलद होतो, नोंद खरी होत नाही. पोटतक्त्यातील प्रत्येक खुणेस मूळ खाते असलेच पाहिजे, असा निर्बंध स्वतंत्रपणे घालावा लागतो. तत्पूर्वी पोरक्या नोंदींची यादी काढून प्रत्येक नोंद नमुना सहामधील फेरफाराशी ताडून पाहावी. सरसकट खोडू नये.