अठरा-शेहेचाळीसची गोणी आणि तिचे पर्याय

मृगाचा पाऊस होऊन शेतास वाफसा आला म्हणजे खतविक्रीच्या दुकानापुढे एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो, "अठरा-शेहेचाळीस आलं का?" दुकानदाराने नकारार्थी मान हलविली की कित्येक शेतकरी रिकाम्या हाताने परत फिरतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी चौकशी करतात, तिसऱ्या दिवशी तालुक्यास जातात. इकडे जमिनीतील ओल मात्र कोणासाठी थांबत नाही. कोरडवाहू सोयाबीनची पेरणी लांबली म्हणजे शेंगा भरण्याच्या सुमारास पावसाचा ताण पडण्याचा धोका वाढतो, आणि ते नुकसान नंतर कोणत्याही खताने भरून निघत नाही. ज्या पोषणद्रव्यासाठी हा खोळंबा होतो ते शेजारच्याच थप्पीतील दुसऱ्या गोणीत पुष्कळदा उपलब्ध असते. तथापि ती गोणी ओळखीची नसल्यामुळे तिच्यावर विश्वास बसत नाही.

वस्तुतः ही अनोळखी गोणीच अधिक जुनी आहे. सिंगल सुपर फॉस्फेट, ज्यास बोलण्यात नुसते 'सुपर' म्हणतात, त्याचे उत्पादन आपल्या देशात मद्रास इलाख्यातील राणीपेट येथे १९०६ साली सुरू झाले. डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. गोणी एक आणि पोषणद्रव्ये दोन, वाहतूक कमी, दाणा कोरडा व पेरण्यास सुटसुटीत, या गुणांमुळे डीएपीने सुपरला मागे सारले. हे गुण खरे आहेत व ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु डीएपी व त्यासाठी लागणारा कच्चा माल यांकरिता देशास परदेशी आयातीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहावे लागते. त्यामुळे ऐन हंगामात टंचाई पडण्याचा प्रसंग पुनःपुन्हा येतो.

पर्यायाचा विचार करताना पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही की, शेतकरी पैसे मोजतो ते गोणीतील पोषणद्रव्यांसाठी. पिकाच्या मुळांस खताचे नाव कळत नाही. त्यांना कळते ते नत्र, स्फुरद, पालाश व गंधक. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. सुपरच्या तेवढ्याच वजनाच्या गोणीत स्फुरद १६ टक्के, म्हणजे ८ किलो, व गंधक ११ टक्के, म्हणजे साडेपाच किलो असते. नत्र मुळीच नसते. सुपरच्या तीन गोण्या व २० किलो युरिया घेतला म्हणजे २४ किलो स्फुरद व ९ किलोंहून किंचित अधिक नत्र मिळते. डीएपीच्या एका गोणीची ही भरपाई झाली, आणि वर साडेसोळा किलो गंधक मिळाले.

आता हाच हिशेब एका एकराच्या सोयाबीनला लावून पाहू. उदाहरणादाखल एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व १२ किलो पालाश अशी मात्रा धरली आहे. आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाची शिफारस निराळी असल्यास तीच घ्यावी, हिशेबाची रीत बदलत नाही. डीएपी वापरल्यास ५२ किलो डीएपी, ६ किलो युरिया व २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागेल. सुपर वापरल्यास १५० किलो सुपर, २६ किलो युरिया व तेवढेच २० किलो पोटॅश लागेल. तिसरा मार्ग १२:३२:१६ या संयुक्त खताचा आहे. त्याच्या दीड गोणीत, म्हणजे ७५ किलोंत, ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व १२ किलो पालाश येते. वर साडेसहा किलो युरिया दिला की मात्रा पूर्ण होते व पोटॅश वेगळे आणावे लागत नाही. ज्यांना तीन-तीन गोण्यांची यातायात नको आहे त्यांनी या खताची चौकशी अवश्य करावी. दुकानात ते असूनही त्याची चौकशी फारशी होत नाही, हे नवल आहे.

सर्वच संयुक्त खते मात्र सोयाबीनला सारखी जुळत नाहीत. १०:२६:२६ या खताचे ९२ किलो दिल्यास स्फुरद पुरे पडते, पण पालाश गरजेच्या दुप्पट होते आणि त्याचे पैसे उगाच पडतात. २०:२०:०:१३ या खतात १३ टक्के गंधक आहे ही जमेची बाजू. परंतु त्यातून २४ किलो स्फुरद द्यावयाचे तर नत्रही २४ किलो जाते. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र घेतात. जमिनीत आयते नत्र अधिक झाले तर गाठी कमी धरतात व पीक पाल्यावर जाते. हेच खत नत्राची भूक अधिक असलेल्या कपाशीस किंवा मक्यास सोयीचे पडेल. एका पिकास उत्तम असलेला पर्याय दुसऱ्या पिकास तसाच लागू करू नये.

किमतीची तुलना गोणीशी गोणी ठेवून केल्यास फसगत होते. सुपरची गोणी स्वस्त दिसते खरी, पण तिच्यात स्फुरद डीएपीच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच आहे. रीत समजावी म्हणून काही भाव धरून हिशेब मांडू. प्रत्यक्षात दुकानातील त्या दिवशीचे भाव घालावेत. डीएपी १,३५० रुपये गोणी, सुपर ५०० रुपये गोणी व युरिया ६ रुपये किलो असे धरले, तर वरील एका एकरास डीएपी व युरियाचा खर्च १,४४० रुपये येतो आणि सुपर व युरियाचा १,६५६ रुपये येतो. पोटॅश दोहींकडे सारखेच असल्याने ते धरलेले नाही. दोन गोण्यांची जादा हमाली व भाडे ४० रुपये मिळविल्यास सुपरचा मार्ग २५६ रुपयांनी महाग पडतो. येथे थांबले तर डीएपीच बरे असे वाटेल. परंतु या २५६ रुपयांत साडेसोळा किलो गंधक आलेले आहे, म्हणजे ते किलोस सुमारे साडेपंधरा रुपयांनी पडले. जमिनीस गंधकाची गरज असेल तर ते वेगळे विकत आणावयास काय पडते, हे दुकानात विचारून पाहावे व मग निर्णय करावा. गरज नसेल तर तो खर्च वाढीवच समजला पाहिजे.

डीएपीच्या गोणीस छापील किमतीपेक्षा अधिक पैसे मागितले गेले तर हिशेब तेथेच उलटतो. वरच्या उदाहरणात गोणी १,७०० रुपयांस घ्यावी लागली तर डीएपीचा मार्ग १,८०४ रुपयांवर जातो व भाड्यासह १,६९६ रुपयांचा सुपरचा मार्ग स्वस्त ठरतो. छापील किमतीहून अधिक किंमत घेणे बेकायदेशीर आहे. एका खताबरोबर नको असलेली दुसरी वस्तू गळ्यात मारण्याचा प्रकारही शेतकऱ्याने निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. पक्की पावती मागावी व तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी.

गंधकाची गरज आहे किंवा नाही हे मातीपरीक्षणावरून समजते. मृद आरोग्य पत्रिकेत गंधकाचा रकाना असतो, पण तिकडे फारसे कोणी पाहत नाही. उभ्या पिकातही खूण दिसते. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात. गंधक कमी पडले तर शेंड्याकडील नवी पाने फिकट पिवळी पडतात. सोयाबीन, भुईमूग, करडई, तीळ ही तेलबियांची पिके गंधक अधिक खातात. वर्षानुवर्षे ज्या शेतात फक्त डीएपी व युरिया पडला आणि शेणखताची गाडी गेली नाही, तेथे गंधकाचा तुटवडा असण्याचा संभव अधिक. त्याच पत्रिकेत स्फुरदाचा रकानाही पाहावा. स्फुरद भरपूर दाखविले असेल तर कोणती गोणी आणावी यापेक्षा किती आणावी हा प्रश्न आधी सोडवावा. अशा शेतात स्फुरदाची मात्रा सल्ल्याने कमी करता येते, आणि याहून स्वस्त पर्याय दुसरा नाही.

सुपर व युरिया वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डीएपीची सवय असलेल्यांची चूक होते ती येथेच. सुपर व युरिया एकत्र कालवून ठेवल्यास मिश्रणास पाणी सुटते, त्याचा चिखल होतो व ते पेरणी यंत्राच्या नळ्यांत अडकते. मग शेतकरी सुपरला नावे ठेवतो. यास्तव ही दोन खते वेगळी द्यावीत, किंवा मिसळणे भागच असेल तर तेवढ्यापुरती मिसळून लगेच संपवावीत, रात्रभर ठेवू नयेत. एकरी २६ किलो युरिया बियाण्याच्या ओळीत, बियाण्यास लागून पडणे धोक्याचे असते. त्याने उगवण मार खाते. तो पेरणीपूर्वीच्या शेवटच्या वखरपाळीच्या वेळी मातीत मिसळावा. सुपर मात्र पसरून टाकू नये. स्फुरद जमिनीत पडल्या जागेवरून फारसे हलत नाही, म्हणून ते मुळांच्या वाटेवर, बियाण्याच्या बाजूस व किंचित खाली पडले पाहिजे. दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा खताची वेगळी पेटी असलेल्या पेरणी यंत्राने हे काम चांगले होते. दाणेदार सुपर यंत्रातून नीट उतरते. भुकटी असेल तर पाभरीवर माणूस लक्ष ठेवून बसवावा. खताची पेटी डीएपीच्या तिप्पट वेळा भरावी लागणार हेही आधीच ध्यानात घेऊन माणसांची सोय करावी.

हलक्या प्रतीचे किंवा भेसळीचे सुपर मिळाल्याची तक्रार कानी येते. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे गोणीवर अन्नद्रव्यांचे प्रमाण, उत्पादकाचे नाव व किंमत छापलेली असणे आवश्यक आहे. शिवण उसवून पुन्हा घातलेली गोणी घेऊ नये. संशय आल्यास गोणी न फोडता खत निरीक्षकास कळवावे, म्हणजे नमुना घेता येतो. फोडलेल्या गोणीचा वाद पुढे टिकत नाही.

डीएपीला पर्याय म्हणून आणखीही काही वस्तू पुढे केल्या जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. नॅनो डीएपीच्या अर्धा लिटरच्या बाटलीत ८ टक्के नत्र व १६ टक्के स्फुरद, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम नत्र व ८० ग्रॅम स्फुरद असते. गोणीत २३ किलो स्फुरद असते. बाटलीतील द्रव पानांवर फवारला म्हणजे पिकास थोडा आधार मिळू शकेल, परंतु पेरणीच्या वेळी जमिनीत द्यावयाच्या मात्रेची जागा ८० ग्रॅमने भरून निघेल अशी समजूत करून घेणे हिशेबास धरून नाही. रॉक फॉस्फेट स्वस्त मिळते, पण ते विरघळते आम्ल जमिनीत. कोकणातील जांभ्या जमिनीत त्याचा उपयोग आहे. मराठवाडा-विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते बहुतेक तसेच पडून राहते. स्फुरद विरघळविणारे जिवाणू खत दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे. ते अल्पखर्चाचे व हिताचे आहे. मात्र ते नवे स्फुरद आणीत नाही, जमिनीतील बांधलेले स्फुरद मोकळे करण्यास मदत करते. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते प्रथम लावावे, मग जिवाणू खत, आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे हिशेब सभेत सांगावेतच, पण शेतकऱ्याचा विश्वास बसतो तो बांधावर. त्यासाठी एकाच शेतात दोन पट्टे आखावेत, एकात डीएपी व दुसऱ्यात सुपर-युरिया, आणि दोहींत एकूण नत्र, स्फुरद व पालाश सारखेच जाईल असे पाहावे. बियाणे, वाण, पेरणीची तारीख, तणनाशक व फवारणी यांत फरक नसावा. नवीन पट्टा चांगल्या जमिनीवर व जुना उताराच्या टोकाला, अशी मांडणी केली तर ती प्रदर्शन ठरेल, परीक्षा ठरणार नाही. उतार असल्यास पट्टे उताराच्या दिशेने शेजारी शेजारी घ्यावेत, म्हणजे दोहींना खोल व उथळ माती सारखी मिळेल. काढणीच्या वेळी बांधालगतच्या ओळी सोडून प्रत्येक पट्ट्यातून एक गुंठा मोजून वेगळा कापावा, वेगळा मळावा, वाळल्यावर वजन करावे व त्यास ४० ने गुणून एकरी उतारा काढावा. मळणी शेतकऱ्याच्या खळ्यावर, शेजाऱ्यांच्या देखत व्हावी.

एका शेतावरील एका हंगामाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. गावात निदान चार-पाच शेतांवर, हलक्या व भारी अशा दोन्ही जमिनींत हा प्रयोग घ्यावा आणि प्रत्येकाच्या मृद आरोग्य पत्रिकेतील स्फुरद व गंधकाचे आकडे उताऱ्याच्या शेजारी लिहून ठेवावेत. एखाद्या शेतात सुपरने काहीच अधिक दिले नाही तर तो आकडाही वहीत तसाच लिहावा. बहुधा त्या शेतात गंधक पुरेसे असेल, आणि पुढील हंगामात त्या शेतकऱ्यास १२:३२:१६ किंवा मिळाल्यास डीएपीच सुचविता येईल.