आराखडा आणि पत्रा

भूमितीच्या तासास समोरचें दृश्य, वरचें दृश्य व बाजूचें दृश्य काढतां काढतां कंटाळलेले विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं विचारतात कीं, याचा पुढें उपयोग काय? एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपलीकडे या रेघांस किंमत नाहीं, असा कित्येक पालकांचाहि समज दिसतो. या प्रश्नाचें उत्तर एका जुन्या मोटारीच्या उदाहरणानें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणारी पद्मिनी मोटार वडील मंडळींच्या चांगली परिचयाची आहे. तिचें उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सीहि २०२३ सालच्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तथापि हौसेनें जतन केलेल्या अशा गाड्या अद्यापि कोठें कोठें आढळतात. समजा, अशा एका गाडींत बॅटरीखालचा लोखंडी आधार गळलेल्या ॲसिडनें खाऊन टाकला आहे आणि नवा भाग बाजारांत मिळत नाहीं. पूर्वीं अशा वेळीं गाडी लोहाराच्या दारांत उभी करीत व "एवढें लांब, येथें भोंक" असें बोटानें दाखवीत. आतां पुण्यानजीक भोसरीस किंवा कोल्हापुरास लेझर किरणानें पत्रा कापून देणारे कारखाने आहेत. तेथें गाडी नेण्याचें कारण पडत नाहीं. संगणकावर काढलेला आराखडा तेवढा धाडावा लागतो. किरण भिंगांतून एका बिंदूवर एकवटतो, धातु वितळते, प्राणवायूचा किंवा नत्रवायूचा झोत ती खालीं उडवून देतो, आणि कांहीं मिनिटांत तुकडा हातीं येतो.

मात्र यांत एक मोठा फरक आहे. लोहार शंका आली कीं विचारीत असे. यंत्र विचारीत नाहीं. आपल्या मनांत काय होतें हें त्यास कळत नाहीं. कागदावर जें आहे तेंच तें कापतें. आराखड्यांत एक रेघ चुकून दोनदां काढली असेल, तर किरणहि त्याच वाटेनें दोनदां फिरावयाचा. आकृति कोठें उघडी राहिली असेल, तर तुकडा सुटावयाचा नाहीं.

पहिली गोष्ट मापाच्या एककाची. नोहाच्या तारवाचें माप ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच असें आपण शास्त्रांत वाचतों. पण हात कोणाचा, यावर पंडितांचा वाद अद्यापि चालूच आहे. संगणकाच्या आराखड्यांतहि पुष्कळदां नुसता आंकडाच असतो. मिलिमीटरांत काढलेली आकृति कारखान्यानें इंचांत वाचली, तर ती २५.४ पट मोठी होते. म्हणून एकक शब्दांत लिहावें. पत्र्याची जाडीहि गेजमध्यें सांगूं नये. सोळा गेज म्हणजे इंग्रजी कोष्टकाप्रमाणें सुमारें १.६३ मिलिमीटर, तर अमेरिकेंतील पोलादी पत्र्याच्या कोष्टकाप्रमाणें १.५२ मिलिमीटर होतात.

दुसरी गोष्ट छिद्रांची. आठ मिलिमीटरचा बोल्ट आरपार जावयाचा असेल तर छिद्र बरोबर आठाचें ठेवून चालत नाहीं. सामान्यतः नऊ मिलिमीटरचें ठेवितात. उलट त्याच छिद्रांत आटे पाडावयाचे असतील तर तें ६.८ मिलिमीटरचें हवें. छिद्राशेजारीं नुसतें "बोल्ट" एवढेंच लिहिणाऱ्यानें पुढील गोंधळाची तयारी ठेवावी.

आतां खरी मौज वांकविण्यांत आहे, आणि विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल हातीं घ्यावी. तीन मिलिमीटर जाड पत्र्याची कोनाकृति पट्टी करावयाची आहे. बाहेरून मोजतां एक बाजू ६० व दुसरी ४० मिलिमीटर; कोन काटकोन; वांकाची आंतील त्रिज्या ३. सपाट पत्रा किती लांब कापावा? नव्वद टक्के मुलें "शंभर" असें उत्तर देतील. पण पत्रा वांकतांना बाहेरचा थर ताणला जातो, आंतला दबतो, आणि मधला एक थर लांबींत बदलत नाहीं. तो थर आंतील बाजूपासून जाडीच्या साधारण चार दशांश अंतरावर धरितात. म्हणजे त्याची त्रिज्या ३ अधिक १.२, म्हणजे ४.२; त्याचा पाव वर्तुळाचा कंस सुमारें ६.६ झाला. प्रत्येक बाजूंतून वांकाचे ६ वजा केले असतां सरळ भाग ५४ व ३४ राहिले. एकूण ९४.६. ज्यानें शंभर कापले, त्याच्या पट्टींत ५.४ मिलिमीटर जास्त राहिले, आणि त्या टोकापासून मोजलेलें छिद्र गाडीच्या छिद्राशीं जुळेल ही आशा व्यर्थ आहे. ही चार दशांशाची संख्या यंत्र, साचा व धातु यांप्रमाणें थोडी बदलते. ज्या कारखान्यांत वांकवावयाचें तेथेंच ती विचारून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वीं आराखडा पूर्ण मापानें कागदावर छापून पुठ्ठ्यास चिकटवावा, कापावा व गाडींत धरून पाहावा. कागदाच्या कोपऱ्यांत १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ती पट्टीनें मोजावी, कारण छापणारें यंत्र पुष्कळदां चित्र कागदांत बसविण्याकरितां लहान करितें. पुठ्ठा वायां गेला तर शोक करण्याचें कारण नाहीं.

पालकांस येथें एक स्पष्ट सांगणें आहे. बॅटरीचा आधार, दिव्याची पट्टी, पंख्याची चौकट हीं कामें उत्साही मुलांनीं अवश्य करावीं. ब्रेकचा, सुकाणूचा किंवा चाकाच्या सांध्याचा भाग मात्र कितीहि सुंदर आराखडा काढला तरी करूं देऊं नये. तेथें आकार जुळला एवढ्यानें भागत नाहीं. हजारों वेळां ताण पडल्यावर धातु कोठें तडकेल हें आराखड्यांत दिसत नाहीं, आणि त्या तडकण्याची किंमत रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या मनुष्यास द्यावी लागते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनमानेल तसा फेरफार करण्यास मनाई आहे.

कापून आलेल्या तुकड्याच्या कडा हातास लागतात, त्या कानशीनें मोडाव्या. पहिल्यानें एकच नग मागवावा. तो व्हर्निअरनें मोजून, गाडींत बसवून पाहावा, आणि मगच त्यावर ॲसिडास दाद न देणारा रंग चढवावा. कारण रंग दिल्यावर छिद्र वाढवावें लागलें, तर गंज नेमका तेथूनच सुरू होतो.