डोंबिवली वर्षाला किती सरकते?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भूकवचाची हालचाल उपग्रहांवरून मोजतात असं वाचलं. मोबाइलच्या जीपीएसनं गच्चीवरून मला ती मोजता येईल का?

उत्तर : मोबाइलनं नाही. पण हे संशोधन तुला घरी बसून करता येईल, आणि जरूर कर.

आपला सगळा परिसर भारतीय भूपट्टाबरोबर वर्षाला पाच-साडेपाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. 16 एप्रिल 1853ला पहिली गाडी ठाण्याला पोचली, तेव्हापासून ठाणे स्टेशन सुमारे नऊ मीटर, म्हणजे लोकलच्या जवळजवळ अर्ध्या डब्याएवढं सरकलं आहे. मोबाइलची चूकच काही मीटरची. संशोधनाचे रिसीव्हर उपग्रहाची लहर नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहतात. ही लहर 19 सेंटिमीटरची. तिचा शंभरावा भाग ओळखता आला की हिशेब दोन मिलिमीटरवर येतो.

गच्ची नको, कारण उन्हानं इमारत दिवसभर किंचित वाकते आणि शेजारच्या भिंतींवरून लहरी परततात. खाडीकाठचा गाळही नको. अँटेना हवी उघड्या कातळात रोवलेल्या खांबावर. मलंगगडाकडे तसा बेसॉल्ट भरपूर आहे.

पण तुला अँटेनाही लागणार नाही. अमेरिकेतलं नेवाडा विद्यापीठ जगभरच्या स्थानकांची रोजची स्थानं मोफत देतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं आणि हैदराबादचं स्थानक घे. बंगळुरू वर्षाला साधारण 35 मिलिमीटर उत्तरेला आणि 42 मिलिमीटर पूर्वेला जातं. हैदराबादचा वेग त्याच्या अगदी जवळचा निघेल, कारण दख्खनचं पठार बहुतांशी एकसंधच सरकतं. मग उंचीचा आलेख काढ. मला सर्वांत मोह पडतो तो याच आलेखाचा: पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीच्या आणि भरलेल्या धरणांच्या वजनानं भूकवच काही मिलिमीटर दबतं, पाणी ओसरलं की पुन्हा वर येतं. आपला पाऊस खडकालाही वाकवतो, हे तुझ्याच आलेखावर दिसेल.

मार्गदर्शन हवं असेल तर नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत विचार. 2001च्या भूज भूकंपानंतरही कच्छची जमीन कशी सरकत राहिली, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी जीपीएसनंच मोजलं. किमान तीन वर्षांची माहिती मात्र घे. एकाच पावसाळ्यावरून वेग काढलास, तर पाण्याच्या वजनानं झालेली हालचाल तू भूपट्टाच्या खात्यावर मांडशील.