‘फाउंडेशन’ मालिका : वाचनाचा क्रम

प्रश्न : आयझॅक असिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका सलग वाचायची आहे. कथानकातील काळानुसार वाचावी की प्रकाशनाच्या क्रमाने?

उत्तर : प्रकाशनाच्या क्रमाने. १९५१ ते १९५३ दरम्यान आलेली पहिली तीन पुस्तके मुळात सलग कादंबऱ्या नव्हेत. १९४२पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकात सुटेपणाने छापलेल्या कथा त्यांत एकत्र बांधल्या असल्यामुळे (पहिले प्रकरण तेवढे पुस्तकासाठी नव्याने लिहिलेले) पात्रे वारंवार बदलतात आणि लढाया बहुधा पडद्याआड घडतात, हे गृहीत धरलेले बरे. मालिकेचा कणा असलेली ‘सायकोहिस्टरी’, म्हणजे अफाट लोकसमूहाच्या वर्तनाचे गणिती भाकीत करणारे काल्पनिक शास्त्र, एकट्यादुकट्या व्यक्तीविषयी काहीच सांगू शकत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवली की दुसऱ्या पुस्तकातील ‘म्यूल’ या पात्राचा धक्का पुरेपूर जाणवतो. १९८२ आणि १९८६मधील उत्तरभाग बरेच पसरट आहेत. तेथे दमछाक झाल्यास थोडे थांबण्यात कमीपणा नाही. १९८८ व १९९३मधील पूर्वकथा मात्र शेवटीच हाती घ्याव्यात, कारण असिमॉव्ह यांच्या यंत्रमानव-कादंबऱ्यांशी मालिकेला जोडणारे रहस्य त्या आधीच फोडून टाकतात.