मुक्या सोबत्याची झूल

कपडा जुना झाला म्हणजे तो टाकून द्यावयाचा, असे आपल्या आजी-पणजींनी कधी मानले नाही. जीर्ण लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून त्यांनी गोधड्या शिवल्या आणि घरातील लहानथोरांना ऊब दिली. त्याच रीतीने जुन्या स्वेटरातून घरच्या कुत्र्यासाठी थंडीची झूल शिवता येते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल शोभेची असते. ही झूल मात्र उपयोगाची आहे. म्हणून ती शिवताना नक्षीपेक्षा घालणाऱ्याच्या सुखाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

कुत्र्याच्या अंगावर निसर्गानेच केसांचे वस्त्र घातले आहे. मग त्याला आणखी झूल कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. हा प्रश्न योग्यच आहे. केसांच्या दाटीत हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता सहजासहजी वाहत नाही. त्यामुळे अंगातील ऊब अंगातच टिकते. हिमालयातील मेंढपाळांच्या कुत्र्यांचे केस लांब व दाट असतात. त्यांना झुलीची गरज नाही. पण दख्खनच्या पठारावरील मुधोळ जातीचे कुत्रे पाहा. त्याचे अंग सडपातळ आणि केस अगदी आखूड असतात. अशी कुत्री, तसेच लहान पिले, म्हातारी आणि आजारी कुत्री यांना थंडी लवकर बाधते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात हिवाळ्यात कधी कधी पारा ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो. अशा रात्री कुत्रे अंगाचे वेटोळे करते, नाक शेपटीखाली खुपसते आणि तरीही कुडकुडते. लोकरीच्या कुरळ्या तंतूंतही केसांप्रमाणेच हवा अडकते. म्हणून झुलीसाठी जुना लोकरी स्वेटर उत्तम.

शिवणकामात पहिला मान मापाचा. कुत्रे सरळ उभे असताना त्याच्या ओळखीच्या माणसाने त्याला गोंजारावे आणि दुसऱ्याने दोन मापे घ्यावीत. मानेच्या बुंध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, हे पहिले माप. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, हे दुसरे. समजा, लांबी ५० सेंटीमीटर आणि घेर ६० सेंटीमीटर भरला. शेपटीकडे ५ सेंटीमीटर मोकळे सोडून झूल ४५ सेंटीमीटर लांब ठेवावी. तिची रुंदी ४० सेंटीमीटर असली म्हणजे पाठ व दोन्ही कुशी झाकल्या जातात. घेरातील उरलेले २० सेंटीमीटर पोटाखालच्या पट्ट्याने भरून काढावयाचे. सैलपणासाठी त्यात ४ सेंटीमीटर मिळवावे. म्हणजे पट्टा २४ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद झाला. कापताना शिवणीसाठी प्रत्येक बाजूस २ सेंटीमीटर अधिक धरावे.

स्वेटर आधी धुऊन वाळवावा. त्याच्या पाठीच्या भागावर खडूने ४९ व ४४ सेंटीमीटर बाजूंचा आयत आखावा. विणलेल्या कापडाला कात्री लागताच त्याचे टाके सुटू लागतात. म्हणून रेषेच्या आतल्या अंगाने आधी टीप मारावी आणि मगच कापावे. जुन्या सुती धोतराचा तेवढाच तुकडा अस्तरासाठी घ्यावा. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू आत घेऊन कडेने शिवण घालावी; वीतभर जागा मात्र उघडी ठेवावी. तेथून झूल सुलट करून घ्यावी व ती जागा हाताने शिवून टाकावी. पट्टाही असाच तयार करावा. त्याचे एक टोक झुलीच्या डाव्या काठाला, पुढच्या पायांच्या मागे येईल अशा बेताने, पक्के शिवावे. दुसऱ्या टोकाला दोन आखूड नाड्या आणि झुलीच्या उजव्या काठाला तशाच दोन नाड्या लावाव्यात. पुढच्या दोन कोपऱ्यांनाही एकेक नाडी लावावी. त्या छातीपुढे बांधावयाच्या. बटणे लावू नयेत. कुत्रे ती चावून गिळण्याचा संभव असतो.

झूल बांधल्यावर आपली दोन बोटे तिच्याखाली सहज सरकली पाहिजेत. कुत्र्याला बसता, उठता व धावता येते की नाही, हेही पाहावे.

येथे शिवणकाम संपले. पण आपले काम संपले नाही. आपल्याला उकडू लागले की आपण स्वेटर काढतो. कुत्र्याला ते साधत नाही. त्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा थोडे अधिक, म्हणजे सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच ते आपले अंग निववते. ऊन वर आल्यावरही झूल तशीच राहिली, तर रात्री सुखावणारी तीच ऊब दिवसा त्याला जाचते. झूल भिजली, तर ती अंगातील उष्णता ओढून घेते. म्हणून झूल रात्री घालावी, सकाळी काढावी, उन्हात वाळवावी आणि तिच्यामुळे कातडीला कोठे काच पडला आहे का, हे रोज पाहावे.

रस्त्यावरच्या बेवारस पिलाची दया येऊन कोणी त्याला झूल बांधली आणि पुन्हा कधी त्याच्याकडे पाहिले नाही, तर काय होईल? पिलू वाढेल, पण झूल वाढणार नाही. ती त्याला आवळील, किंवा एखाद्या काटेरी कुंपणात अडकून त्याला जखडून ठेवील. अशा पिलासाठी आडोशाची कोरडी जागा शोधावी व तेथे दुमडलेले गोणपाट अंथरावे. झूल त्यालाच घालावी, ज्याची रोज विचारपूस करणे आपल्याला शक्य आहे. बोलणारा मनुष्य "मला टोचते" असे सांगू शकतो. मुक्या प्राण्याचे दुःख आपणच ओळखावयाचे असते. ज्याने नाडी बांधली, त्यानेच ती वेळेवर सोडली, तर त्याची दया पुरी झाली.

स्वाध्याय

१. हिमालयातील कुत्र्यांना झुलीची गरज का नाही?
२. एका कुत्र्याच्या पाठीची लांबी ४० सेंटीमीटर व छातीचा घेर ५० सेंटीमीटर आहे. झुलीची रुंदी ३२ सेंटीमीटर ठेवली, तर पोटाखालचा पट्टा किती लांब हवा?
३. बेवारस पिलाला झूल बांधण्यापेक्षा गोणपाट अंथरणे बरे, असे पाठात का म्हटले आहे?