शब्दार्थाची अटकळ : एक खेळ आणि एक अभ्यास

उल्हासनगरच्या पत्त्यावर प्रथमच पत्र लिहिणाऱ्या मनुष्यास ‘कॅम्प ४, सेक्शन अमुक, बराक क्रमांक तमुक’ हा मजकूर वाचून तेथे अद्याप सैन्याची छावणी असावी, असे वाटते. ही अटकळ अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी तळ उभारण्यात आला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. सैन्य गेले, बहुतेक बराकींच्या जागी इमारती आल्या. पण ‘कॅम्प’ हा शब्द राहिला. सुभाष टेकडी किंवा लालचक्की परिसरातील रहिवाशास आज ‘कॅम्प’ म्हणजे शहराचा एक विभाग, एवढेच अभिप्रेत असते. शब्द तोच राहून त्याचा अर्थ कसा सरकतो, याचे हे घरचेच उदाहरण होय.

अशा सरकलेल्या, विस्मृतीत गेलेल्या किंवा केवळ कचेरीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा खरा अर्थ ओळखण्याचा एक सामुदायिक खेळ आहे. इंग्रजी भाषक समाजात तो घरोघरी खेळला जातो, आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६५ पासून ‘कॉल माय ब्लफ’ या नावाने त्यावर दूरचित्रवाणी कार्यक्रमही केला. आपल्याकडे कोडी, कूटप्रश्न आणि भेंड्या यांची परंपरा जुनी असल्याने मराठी मंडळींना हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. साहित्य म्हणाल तर एक चांगला शब्दकोश, कागदाच्या चिठ्ठ्या आणि सहा ते दहा माणसे पुरेशी होतात.

खेळाची रीत अशी. एकजण पंच होतो. तो कोशातून एक अपरिचित शब्द निवडून मोठ्याने वाचतो. प्रत्येक खेळाडू त्या शब्दाचा खरा वाटेल असा अर्थ मनाने रचून चिठ्ठीवर लिहितो. पंच कोशातील अर्थ आपल्या अक्षरात आणखी एका चिठ्ठीवर उतरवतो, सर्व चिठ्ठ्या मिसळतो आणि एका सुरात, कोणताही अर्थ आवाजाने उघडा न पाडता, वाचून दाखवतो. मग प्रत्येकाने खरा अर्थ कोणता ते सांगावयाचे. बरोबर ओळखणाऱ्यास एक गुण मिळतो. आणि आपल्या बनावट अर्थाला जितकी माणसे फसली तितके गुण तो अर्थ रचणाऱ्यास मिळतात. थोडक्यात, येथे ज्ञानाला गुण आहेत तसे बतावणीलाही आहेत. काही शिक्षकांना ही गोष्ट खटकते. परंतु खेळाचा अभ्यासमूल्याचा भाग नेमका येथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण बनावट अर्थ खरा का वाटतो, याचा विचार करू लागलो की शब्द कसा वाचावा हे कळू लागते.

कॅम्प ४ मधील एका घरगुती बैठकीत हा खेळ पाहण्याचा योग आला. पहिला शब्द होता ‘पोटखराब’. आठांपैकी पाचजणांनी अपचनाचे निरनिराळे प्रकार लिहिले. एकाने तर त्यावर काढा सुचविला. एका गृहिणीने ‘घरातल्या घरात झालेले वैर’ असा अर्थ रचला आणि त्याला तीन मते मिळाली. खरा अर्थ जमिनीचा आहे. भूमापन क्रमांकातील जो भाग लागवडीस योग्य नाही, त्याला पोटखराब म्हणतात. खडक किंवा चर यांमुळे लागवड होत नसेल तर तो वर्ग ‘अ’. रस्ता, पाण्याचा प्रवाह यांसारख्या सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला असेल तर वर्ग ‘ब’. येथील ‘पोट’ हे शरीराचे पोट नव्हे. ‘पोटकलम’, ‘पोटभाडेकरू’, ‘पोटजात’ या शब्दांत जे पोट आहे, म्हणजे मोठ्या वस्तूच्या आतील लहान भाग, तेच हे. एकदा हे ध्यानात आले की पुढे ‘पोटहिस्सा’ हा शब्द त्याच मंडळींनी कोशाशिवाय ओळखला.

‘जुडी’ या शब्दाने अधिक घोटाळा केला. कोथिंबिरीची जुडी कोणास ठाऊक नाही? त्यामुळे शब्द अपरिचित नाहीच, अशी तक्रार निघाली. पण सातबाराच्या उताऱ्यावर आकारणीच्या खाली ‘जुडी किंवा विशेष आकारणी’ असे छापलेले असते आणि तेथे भाजीचा संबंध नाही. इनाम जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी घेतला जाणारा कमी दराचा सारा म्हणजे जुडी. त्याच उताऱ्यावरील ‘आकार’ म्हणजे जमिनीची आकृती नव्हे, तर तिच्यावर बसविलेली शेतसाऱ्याची रक्कम. अनोळखी शब्दापुढे माणूस थांबतो, विचारतो; ओळखीचा शब्द मात्र त्याला न थांबविता पुढे ढकलतो. म्हणून पंचाने केवळ विचित्र शब्द शोधू नयेत, असे सांगावेसे वाटते. ओळखीचा चेहरा आणि वेगळा अर्थ असे शब्द खेळात अधिक रंग भरतात. (बैठकीतील एक निवृत्त तलाठी महसुली शब्द भराभर ओळखू लागल्याने शेवटी त्यांनाच पंच करावे लागले.)

कॅम्प ४ मध्ये मराठी आणि सिंधी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात. त्यामुळे येथे या खेळाला एक निराळीच जोड देता येते. दोन्ही भाषांत उच्चाराने सारखे पण अर्थाने भिन्न असे शब्द पुष्कळ आहेत. मराठीत ‘घोट’ पाण्याचा असतो. सिंधीत ‘घोटु’ म्हणजे नवरदेव. मराठीत ‘मानी’ माणूस स्वाभिमानी असतो, तर सिंधी घरात ‘मानी’ म्हणजे भाकरी, जेवण. मराठी मनुष्य ‘वारी’ला पंढरपूरला जातो, सिंधीत ‘वारी’ म्हणजे वाळू. जखम भरल्यावर राहतो तो आपला ‘वण’. सिंधीतील ‘वणु’ म्हणजे झाड. सिंधीत असे शब्द ऱ्हस्व उकाराने संपतात आणि तो उकार इतका हलका उच्चारला जातो की नवख्या कानाला तो जाणवतही नाही. या फेरीत पंच सिंधी असावा आणि त्याने घरातील वडीलधाऱ्यांचे मत घ्यावे. सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये समावेश झाला. परंतु येथील नव्या पिढीतील अनेकांना घरच्या भाषेतील जुने शब्द विचारूनच घ्यावे लागतात. त्या निमित्ताने आजी-आजोबा खेळात ओढले जातात, हा लाभ लहान नाही.

आता या खेळाचा व्यवहाराशी असलेला संबंध पाहू. ‘सनद’ हा शब्द घ्या. इतिहासाच्या पुस्तकात सनद म्हणजे राजाने दिलेले अधिकारपत्र. वकिलाची सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. उल्हासनगरात मात्र विस्थापितांना पुनर्वसनाच्या १९५४ च्या कायद्याखाली मिळालेल्या मिळकतीचा मालकी लेख ‘सनद’ या नावाने ओळखला जातो. जागा विकत घेताना विक्रेता ‘सनद आहे’ असे म्हणतो तेव्हा ती कोणाच्या नावाची, किती क्षेत्राची आणि कोणत्या भूखंडाची, हे कागद हाती घेऊन पाहावे लागते. अंबरनाथ आणि बदलापूर परिसरात जमीन पाहणाऱ्यांनी सातबारावरील ‘भोगवटादार वर्ग २’ या शब्दांपाशी असेच थांबावे. ‘भोगवटा’ म्हणजे ताबा व उपभोग. आणि ‘वर्ग २’ म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन, जी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. ‘वर्ग २’ म्हणजे दुय्यम प्रतीची माती, असा सोयीस्कर अर्थ लावणारी माणसे भेटतात.

कचेरीच्या पत्रातील एक वाक्य तर प्रत्येक बैठकीत ठेवावे : ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ खेळाडू ‘अर्ज स्वीकारला’, ‘नोंदवून पुढे पाठविला’ असे अर्थ लिहितात, आणि त्यांनाच सर्वाधिक मते पडतात. ‘दाखल’ या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ तसाच आहे. प्रत्यक्षात त्या अर्जावर आणखी कार्यवाही न करता कागद दप्तरात ठेवून दिले, असे ते वाक्य सांगते. ज्याला हे ठाऊक नाही तो महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतो आणि दाद मागण्याची मुदत निघून जाते. ‘नस्ती’ म्हणजे फाईल, हेही ठाऊक असावे. ‘नस्ती उठाठेव’मधील नस्तीशी तिचा काही संबंध नाही, जरी अर्जदारांचे मत वेगळे असले तरी!

राज्यकारभाराचे शब्द लोकांना समजावेत ही चिंता आजची नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. त्यातील काही शब्दांची थट्टा झाली, काही रुळले. रुळले ते कोणते, हे पाहण्यासाठीही एखादी फेरी ठेवता येईल.

शब्द निवडण्यासाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) सर्वांत सोयीचा. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या आवृत्तीत अर्थ इंग्रजीत आहेत. पण ग्रामीण व व्यवसायातील शब्दांचा त्यातील साठा विलक्षण आहे. दोन्ही कोश आता संगणकावर व मोबाईलवरही पाहता येतात. खेळ सुरू असताना मात्र मोबाईल पंचाच्या स्वाधीन करावेत. महसुली शब्दांसाठी घरातील सातबारा, फेरफाराची नक्कल किंवा कराची पावती समोर ठेवली तरी चालते. एका बैठकीत दहाहून अधिक शब्द घेऊ नयेत. प्रत्येक शब्दानंतर बनावट अर्थ कोठून सुचला, यावर दोन मिनिटे बोलणे व्हावे.

आरंभासाठी एक शब्द येथेच देत आहोत : ‘उपरी’. छपराचा वरचा थर, चढ्या भावाने केलेली विक्री, की गावात वंशपरंपरागत हक्क नसलेला शेतकरी? यांपैकी तिसरा अर्थ खरा. पेशवाईतील कागदपत्रांत वतनी हक्काचा ‘मिरासदार’ आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा ‘उपरी’ असे भेद आढळतात. ‘उपरा’ हा आजचा शब्द त्याच्याच नात्यातला. कॅम्प ४ मधील बैठकीत हा शब्द निघाला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका सिंधी गृहस्थांनी चिठ्ठीवर ‘नुकताच आलेला’ एवढेच लिहिले होते, आणि त्या फेरीत त्यांना कोशातील अर्थाइतकीच मते मिळाली.