अंतःकरणाच्या वेशीवरील पहारा

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र 4:2-13. घरीं वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें 16:11-40.



आमच्या भागांतील शेतकऱ्यास चिंता म्हणजे काय हें शिकविण्याची गरज नाहीं. मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या तरी आभाळ मोकळेंच; बियाणें उधारीनें आणून घरांत ठेविलेलें; सोसायटीचें मागल्या सालचें कर्ज तसेंच; मुलीचें लग्न ठरत आलेलें. अशा घरांतील मनुष्य रात्रीं अंथरुणावर पडतो, पण त्याचें मन शेताच्या बांधावर उभें असतें. रविवारीं तो मंदिरांत येतो, आणि पाळक त्यास पौलाची आज्ञा वाचून दाखवितो कीं, कशाचीच चिंता वाहूं नये. तो मुकाट्यानें ऐकतो व घरीं जातांना मनांत म्हणतो, ‘पाळकास बोलावयास काय जातें?’

त्याचें हें म्हणणें झटकून टाकण्याजोगें नाहीं. म्हणून ही आज्ञा कोणीं केली, तो त्या वेळीं कोणत्या स्थितींत होता, आणि तिचा खरा अर्थ काय, हें ह्या पाठांत पाहूं.

1. लिहिणारा व ऐकणारे

हें पत्र पौलानें बंदिवासांत असतां लिहिलें. तो बंदिवास रोम नगरांतील, म्हणजे सुमारें इ. स. 61 च्या वेळचा, असें मंडळीचें फार जुनें मत आहे; कित्येक विद्वान इफिस किंवा कैसरिया हीं नगरें सुचवितात. ठिकाण कोणतेंही असो, पौल बंधनांत होता आणि निकाल लागावयाचा होता. आपण जगूं कीं मरूं हें त्यास ठाऊक नव्हतें, व पहिल्या अध्यायांत तो तें उघड बोलतो.

ज्यांस पत्र लिहिलें तेही सुखवस्तु नव्हते. फिलिप्पै हें मासेदोनियांतील नगर. सिकंदराचा बाप फिलिप्प राजा ह्यानें इ. स. पूर्वीं 356 च्या सुमारास तें घेऊन त्यास आपलें नांव दिलें. पुढें इ. स. पूर्वीं 42 ह्या वर्षीं त्या नगराजवळ रोमी सेनापतींची मोठी लढाई झाली, व तींतून निवृत्त झालेल्या शिपायांस तेथें जमिनी देऊन वसविण्यांत आलें. अशा ह्या शिपायांच्या नगरांत पौल व सीला ह्यांस फटके मारून बंदिशाळेंत टाकिलें होतें, आणि मध्यरात्रीं ते दोघे तेथें प्रार्थना व गायन करीत होते. त्या बंदिशाळेच्या नायकाचा त्याच रात्रीं घरच्या मंडळीसह बाप्तिस्मा झाला. हें पत्र मंडळींत वाचलें जात असतां तो तेथें बसलेला असेल, तर त्यास पौलाचे शब्द पोकळ वाटले नसतील.

शिवाय करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत (8:2) पौल सांगतो कीं, मासेदोनियांतील मंडळ्या अगदीं दरिद्री होत्या. त्या दारिद्र्यांतून त्यांनीं एपफ्रदीताच्या हातीं त्यास मदत पाठविली होती. तात्पर्य, येथें भरल्या पोटाचा मनुष्य उपाशी मनुष्यास उपदेश करीत नाहीं. एक बंदिवान गरिबांस लिहीत आहे.

2. एकच शब्द दोन ठिकाणीं

‘चिंता करणें’ ह्या अर्थीं पौलानें चवथ्या अध्यायांत जें ग्रीक क्रियापद वापरिलें आहे, तेंच त्यानें ह्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत (2:20) वापरिलें आहे; पण तेथें तें निषेधासाठीं नसून स्तुतीसाठीं आहे. तीमथ्याविषयीं तो म्हणतो कीं, तुमची काळजी मनापासून वाहील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी मजजवळ नाहीं. त्याच शब्दाचें नाम तो करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रांत (11:28) स्वतःविषयीं योजितो. सर्व मंडळ्यांची काळजी आपणास दररोज असते, असें तो सांगतो. एपफ्रदीत आजारी पडून मरणास टेकला, तेव्हां आपणांवर दुःखावर दुःख आलें असतें, हेंही तो लपवीत नाहीं.

तेव्हां पौल बेफिकीर राहा असें सांगत नाहीं. ज्या बापास लेकरांची काळजी नाहीं, तो विश्वासू नव्हे, तर निष्काळजी होय. काळजी एकच आहे, पण तिला वाटा दोन आहेत. एका वाटेनें ती देवाकडे जाते व तेथून शेजाऱ्याकडे वळते. ती प्रीति होते. दुसऱ्या वाटेनें ती माणसाच्या स्वतःच्या मनांतच घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. दिवसभर चालते, पण कोठेंच पोहोंचत नाहीं. पौल मना करितो ती ही दुसरी.

3. मागणें नांवानें सांगावें

मग काळजीस देवाची वाट कशी दाखवावी? पौल प्रार्थना, विनवणी व आभार हे तीन शब्द घालून म्हणतो कीं, आपलीं मागणीं देवास कळवावीं. देवास सर्व कळतेंच, मग कळवावयाचें कशाला? ह्याचें उत्तर मी पुस्तकांत वाचिलें होतें, पण शिकलों तें एका वृद्ध बहिणीकडून. स्वतःस लाज आणणारी गोष्ट असली तरी सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत माझ्या धाकट्या मुलास डेंग्यूचा ताप आला. त्यास तालुक्याच्या गांवीं रुग्णालयांत ठेविलें होतें. चवथ्या दिवशीं ताप उतरला, परंतु रक्तांतील पेशी उतरतच होत्या, आणि ह्याच वेळीं अधिक जपावें लागतें असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्याच्या आदल्या रविवारीं मीं ह्याच शास्त्रपाठावर उपदेश केला होता. आतां मी खाटेपाशीं बसून ‘प्रभो, कृपा कर’ एवढेंच शंभर वेळां म्हणत होतों, आणि प्रत्येक वेळीं भीति वाढत होती.

सायंकाळीं आमच्या मंडळींतील एक आजी फडक्यांत भाकरी बांधून एस. टी. नें आल्या. त्यांनीं मुलाच्या कपाळावर हात ठेविला व मला विचारिलें, “पाळकसाहेब, देवाला काय सांगितलं?”

मी म्हणालों, “आजी, सगळंच सांगतोय.”

त्या म्हणाल्या, “सगळं नका सांगू. भ्या कशाचं वाटतं, तेवढं सांगा.”

मी बराच वेळ गप्प राहिलों. मग त्यांच्यादेखत, मोठ्यानें, प्रथमच बोललों, “प्रभो, हा मुलगा जाईल ह्याचें मला भय वाटतें; आणि तो गेला तर पुन्हां उपदेशपीठावर उभें राहून तुझें नांव घेणें मला जमणार नाहीं, ह्याचेंही भय वाटतें.” हें दुसरें भय माझ्या मनांत आहे हें मला स्वतःलाही तोंवर ठाऊक नव्हतें. देवास तें ठाऊक होतें. मागणें कळवावयाचें तें ह्यासाठीं. त्यायोगें देवास नवें कांहीं कळत नाहीं, परंतु आपण जें झांकून ठेविलेलें असतें तें त्याच्यापुढें उघडें होतें.

4. आभार कशाचे?

मग आजींनीं प्रार्थना केली. सलाईनच्या बाटलीबद्दल, रात्रपाळीच्या परिचारिकेबद्दल, वेळेवर मिळालेल्या गाडीबद्दल त्यांनीं एकेक नांव घेऊन आभार मानिले. मला तें चमत्कारिक वाटलें. प्रार्थना झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते. माझी पहिली लेक त्याच साली गेली. मीही मागितलं होतं. मिळालं नाही. पण ज्याच्यापाशी मागितलं, तो काही मला टाकून गेला नाही.”

दुष्काळाबद्दल किंवा लेकीच्या मरणाबद्दल त्यांनीं आभार मानिले नाहींत. शास्त्रही तसें करावयास लावीत नाहीं. दुःख आहे त्याच दिवसांत देवाचा हात जेथें जेथें दिसला, तेथें तेथें बोट ठेवून त्याचें नांव घेणें, ह्यास आभार म्हणतात. चिंता जें नाहीं तेंच मोजीत बसते. आभार मानणारा जें आहे तेंही मोजतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकीकडेच पाहणाऱ्याचा हिशेब चुकतो.

त्या रात्रीं मी दोन तास झोंपलों. सकाळच्या तपासणींत पेशी आणखीच उतरल्या होत्या. मुलगा पुढें बरा झाला, त्याबद्दल देवाची स्तुति असो. परंतु शांति मिळाली ती त्यापूर्वींच्या रात्रीं.

5. पहारा

देवाची शांति तुमचीं अंतःकरणें राखील, असें पौल म्हणतो. येथें ‘राखणें’ ह्या अर्थीं त्यानें शिपायांचा शब्द योजिला आहे. चौकीवर बसून पहारा करणें असा त्याचा अर्थ. शिपायांनीं वसविलेल्या फिलिप्पै नगरांत तो सर्वांस तात्काळ समजला असेल. पौलासही तो अनुभवानें ठाऊक होता. दिमिष्क नगरांत त्यास धरण्यासाठीं पहारा बसविला होता, तें सांगतांनाही (2 करिंथ 11:32) तो हेंच क्रियापद वापरितो. त्या वेळीं तो पाटींत बसून तटावरून उतरला व निसटला. पत्र लिहितांनाही तो पहाऱ्यांतच होता. अशा मनुष्यानें पहारा हा शब्द देवाच्या शांतीस लाविला. त्यास कोंडून ठेवणारा एक पहारा बाहेर होता. त्यास राखणारा दुसरा पहारा आंत होता.

पहारा बसला म्हणजे शत्रु नाहींसा झाला, असें नाहीं. शत्रु असतो म्हणूनच पहारा लागतो. गांवाच्या वेशीवर राखणदार जागा असला म्हणजे चोर जगांतून नाहींसे होत नाहींत, पण गांव झोंपूं शकतो. पौलानें असें कोठेंही लिहिलें नाहीं कीं, मागितलें तें सर्व मिळेल. त्याच्या शरीरांतील कांटा काढावा म्हणून त्यानें तीनदां विनविलें. कांटा राहिला, कृपा मिळाली. गेथशेमाने बागेंत आपल्या प्रभूनेंही प्याला टळावा म्हणून मागितलें, आणि प्याला टळला नाहीं. तरी जो घाबरा होऊन गुडघे टेकला होता, तो उठून आपणास धरावयास येणाऱ्यांस सामोरा गेला.

6. उठून करावयाचें काम

शांति ही हातपाय जोडून बसण्यासाठीं दिलेली नाहीं. ह्याच पाठांत, चिंतेविषयीं सांगण्यापूर्वीं, पौल युवदीया व सुंतुखे ह्या दोन बहिणींस एकचित्त होण्याची विनंती करितो. ज्या मंडळींत दोन घरें एकमेकांशीं बोलत नाहींत, तेथें चिंताग्रस्त मनुष्य आपलें दुःख कोणापाशीं उघडें करील?

कर्ज असेल तर तें बायकोपासून लपवूं नये. सोसायटींत किंवा बँकेंत जाऊन मुदतीविषयीं बोलावें. कर्जाच्या ओझ्याखालीं ज्या घरांतील कर्त्या पुरुषानें आपला जीव दिला, अशीं घरें महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत आहेत. पुष्कळ वेळां त्याच्या मनांत काय चाललें होतें हें शेजाऱ्यासही ठाऊक नव्हतें. म्हणून जो भाऊ गप्प झाला आहे, ज्यानें मंदिरांत येणें सोडिलें आहे, त्याच्या घरीं जावें व त्यास एकटें राहूं देऊं नये. तसेंच कांहीं वेळां चिंता हा मनाचा आजार असतो. झोंप व भूक जाते, छाती धडधडते, आणि प्रार्थना करूनही तें थांबत नाहीं. अशा मनुष्यास ‘तुझा विश्वास कमी’ असें म्हणणें पाप आहे. तापास जसा डॉक्टर, तसा ह्यासही डॉक्टर आहे. त्याच्याकडे जाणें हा अविश्वास नव्हे.

शेवटीं, पौल म्हणतो कीं, विपुलतेंत व उणिवेंत तृप्त राहण्यास मी शिकलों आहें. शिकलों, हा शब्द लक्षांत ठेवावा. त्यासही तें एका दिवसांत आलें नाहीं. आपणांसही आज पहिलें अक्षर गिरवावयाचें आहे.

विचार करण्यासाठीं प्रश्न

(1) माझी काळजी कोणत्या वाटेनें जात आहे, देवाकडे व शेजाऱ्याकडे, कीं माझ्या स्वतःच्याच भोंवतीं?

(2) कोणतें भय मीं आजवर नांव घेऊन देवास सांगितलें नाहीं?

(3) ह्या आठवड्यांत भाकरी बांधून मीं कोणाच्या घरीं जावें?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या अंतःकरणाच्या वेशीवर तुझ्या शांतीचा पहारा बसीव. जें आम्ही झांकून ठेविलें आहे, तें तुझ्यापुढें उघडें करण्याचें धैर्य आम्हांस दे. मागितलें तें मिळालें नाहीं, तरी तूं आम्हांस टाकीत नाहींस, हें कळूं दे. आणि आमच्यांत जो एकटा पडला आहे, त्याच्या दारीं आम्हांस पाठीव. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.